सेफ्टी शॉट म्हणजे रडीचा डाव? पूलमधला बचाव कॅरमच्या भाषेत समजून घ्या

समोरच्या खेळाडूचे टेबलवर दोनच बॉल उरलेत. तुमचे चार आहेत आणि त्यातला एकही सरळ पॉकेटमध्ये जाण्यासारखा नाही. तुम्ही आपल्या एका बॉलला हलका धक्का देता. पांढरा बॉल सरकत जातो आणि भलत्याच बॉलच्या आड थांबतो. पॉकेट काहीच झालेलं नाही. मागून कुणीतरी ओरडतं, 'हा काय रडीचा डाव!'

पूल पार्लरमध्ये नव्याने जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं किंवा म्हटलेलं असतं. पण या शॉटला नाव आहे, नियम आहेत आणि जागतिक स्पर्धांमध्ये कित्येक सामने याच एका शॉटवर फिरतात. त्याचं नाव 'सेफ्टी'. अनेक पार्लरमध्ये हरणाऱ्यानेच टेबलचे पैसे भरायचे असा रिवाज असतो. त्यामुळे सेफ्टी कळणं किंवा न कळणं थेट खिशाशीही जोडलेलं आहे.

सेफ्टी म्हणजे नेमकं काय?

सेफ्टी म्हणजे बॉल पॉकेट करण्यासाठी नव्हे, तर समोरच्याला चांगला शॉट मिळू नये म्हणून खेळलेला शॉट. तुमची पाळी संपते, पण समोरच्याची पाळी अशा ठिकाणाहून सुरू होते जिथून त्याला काही सुचत नाही.

हे शक्य होतं ते पूलच्या एका मूळ नियमामुळे: पांढरा बॉल जिथे थांबेल तिथूनच पुढच्याला खेळावं लागतं. तुमचा शॉट संपतो तिथे त्याचा शॉट सुरू होतो. त्यामुळे प्रत्येक शॉटला दोन प्रश्न जोडलेले असतात. बॉल जाईल का? आणि नाही गेला, तर पांढरा कुठे राहील? नवशिका फक्त पहिला प्रश्न विचारतो.

कॅरम येतं, मग पूल का जमत नाही?

रत्नागिरीत कॅरम घराघरात आहे. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात जून ते सप्टेंबर बाहेरचे खेळ जवळपास बंदच असतात. तेव्हा मंडळाच्या खोलीत, पडवीत, दुकानाच्या मागच्या बाजूला बोर्ड मांडला जातो. राज्य कॅरम स्पर्धांचे निकाल वाचणाऱ्यांना रियाझ अकबर अली, आकांक्षा कदम ही रत्नागिरीची नावं नवी नाहीत. त्यामुळे इथला मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा क्यू हातात घेते तेव्हा कोन, कट आणि रिबाऊंड आधीच डोळ्यात बसलेले असतात.

बचावही कॅरममध्ये आहेच. आपली सोंगटी जात नसेल तर ती पॉकेटच्या तोंडाशी नेऊन ठेवायची, म्हणजे समोरच्याची वाट अडते. त्याच्या सोंगट्यांचा गुंता आपण होऊन फोडायचा नाही. बोर्ड हातचा जाणार असं दिसलं तर राणीच्या मागे लागण्यापेक्षा आपल्या सोंगट्या कमी करायच्या. कारण बोर्ड जिंकणाऱ्याला आपल्या उरलेल्या सोंगट्यांइतके गुण मिळतात. गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा असल्यामुळे असे वाचवलेले दोन-तीन गुण शेवटी कामी येतात.

मग अडचण कुठे येते? स्ट्रायकरमध्ये. कॅरममध्ये प्रत्येक खेळाडू स्ट्रायकर उचलतो आणि आपल्या बेसलाइनवर, म्हणजे ४७ सेंटीमीटरच्या पट्ट्यात, हवा तिथे ठेवतो. मागचा स्ट्रायकर कुठे थांबला याला काही किंमत नसते. त्यामुळे कॅरमपटूच्या डोळ्याला सोंगट्यांकडे बघायची सवय असते, स्ट्रायकर कुठे थांबेल याची नसते. पूलमध्ये उलट आहे. तिथे स्ट्रायकर, म्हणजे पांढरा बॉल, टेबलवरच राहतो. कॅरममधून आलेला खेळाडू अवघड बॉल सहज पॉकेट करतो, पण पांढरा कुठे गेला हे त्याला नंतर कळतं. सेफ्टी शिकणं म्हणजे मुख्यतः ही एक सवय बदलणं.

नियम काय सांगतो?

सेफ्टी म्हणजे पांढऱ्या बॉलला नुसता स्पर्श करून सोडून देणं नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोन गोष्टी व्हाव्याच लागतात.

पहिली, पांढऱ्या बॉलने आधी योग्य बॉललाच लागलं पाहिजे. एट बॉलमध्ये आपल्या गटातल्या बॉलला, नाइन बॉलमध्ये टेबलवरच्या सर्वात लहान आकड्याच्या बॉलला.

दुसरी, तो लागल्यानंतर एखादा बॉल पॉकेट झाला पाहिजे किंवा कोणता तरी बॉल कुशनला लागला पाहिजे. तो पांढरा असला तरी चालतो.

यातलं काही चुकलं तर फाऊल. फाऊलची शिक्षा मोठी असते: समोरच्याला 'बॉल इन हँड' मिळतो. पांढरा बॉल उचलायचा आणि टेबलवर कुठेही ठेवून खेळायचं. चांगल्या खेळाडूच्या हातात हे म्हणजे अर्धा गेम देऊन टाकणं.

एट बॉलमध्ये आणखी एक सोय आहे. शॉटआधी 'सेफ्टी' असं जाहीर केलं तर आपला बॉल पॉकेट झाला तरी पाळी समोरच्याकडे जाते. आपला सोपा बॉल पॉकेट करून पांढरा अवघड जागी ठेवायचा आणि पुढची डोकेदुखी समोरच्याला द्यायची, असा डाव यातून खेळता येतो.

नाइन बॉलमध्ये ओळीने तीन फाऊल केले तर तो रॅकच हरला असं धरतात. दुसऱ्या फाऊलनंतर खेळाडूला तशी सूचना द्यावी लागते. म्हणून पट्टीचे खेळाडू एकामागून एक सेफ्टी लावून समोरच्याला तिसऱ्या फाऊलच्या कडेवर नेतात. नाइन बॉलमध्येच ब्रेकनंतर लगेच एकदा 'पुश आउट' घेता येतो. त्यात कोणत्याही बॉलला न लावता पांढरा नुसता सरकवला तरी फाऊल होत नाही. मात्र त्यानंतर तिथून स्वतः खेळायचं की पहिल्यालाच परत खेळायला लावायचं, हे समोरचा ठरवतो.

सेफ्टीचे चार मुख्य प्रकार

१. लपवणं. पांढरा बॉल आणि समोरच्याचा बॉल यांच्या मध्ये तिसरा बॉल आणायचा. सरळ रेषाच उरत नाही. यालाच 'स्नूकर करणं' किंवा 'हूक करणं' म्हणतात. आड येणारा बॉल पांढऱ्याच्या जितका जवळ, तितकी भिंत मोठी. एका हाताच्या अंतरावरचा बॉल थोडीच वाट अडवतो, चिकटलेला बॉल टेबलचा मोठा भाग झाकून टाकतो.

२. लांब पाठवणं. लपवायला काही नसेल तर पांढरा एका टोकाला आणि समोरच्याचा बॉल दुसऱ्या टोकाला ठेवायचा. पूल टेबलची खेळण्याची जागा साधारण १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद असते. एवढ्या अंतरावरून पातळ कट मारणं बहुतेकांना जड जातं. त्यात पांढरा कुशनला चिकटला असेल तर क्यूचं टोक बॉलच्या मधोमध लावताच येत नाही.

३. वाट अडवणं. आपला बॉल पॉकेटच्या तोंडाशी नेऊन ठेवायचा. कॅरमचा हा डाव इथे जसाच्या तसा चालतो. एट बॉलमध्ये असा बॉल आपल्यासाठी नंतरचा सोपा शॉट असतो आणि समोरच्यासाठी ते पॉकेट बंद होतं.

४. दोन्ही बाजूंनी फायदा. बॉल गेला तर उत्तम, नाही गेला तरी पांढरा अडचणीच्या जागी थांबेल असा शॉट. यात हल्लाही आहे आणि विमाही. अनुभवी खेळाडूंचे बरेच 'चुकलेले' शॉट खरं तर असेच आखलेले असतात.

पांढरा कुठे थांबेल हे आधी कसं कळतं?

सेफ्टीचा पाया साध्या भौतिकशास्त्रात आहे. पूलचे सगळे बॉल साधारण सारख्याच वजनाचे आणि ५७.१५ मिलिमीटर व्यासाचे असतात. सारख्या वजनाच्या दोन बॉलची टक्कर झाली की वेग वाटला जातो. तो कसा वाटला जाईल, हे पांढरा किती भरून लागला यावर ठरतं.

पांढरा न फिरता, घसरत जाऊन समोरच्या बॉलला अगदी मधोमध लागला तर तो जागच्या जागी थांबतो. सगळा वेग दुसरा बॉल घेऊन जातो. पांढरा इथेच ठेवायचा आणि समोरच्याचा बॉल लांब पाठवायचा असेल तेव्हा हाच शॉट.

तोच पांढरा अर्धा लागला तर समोरच्या बॉलला सुमारे ८७ टक्के वेग मिळतो आणि पांढऱ्याकडे निम्मा राहतो. अगदी पातळ लागला तर समोरचा बॉल जेमतेम हलतो आणि पांढरा आपल्याच वेगाने पुढे निघून जातो. बॉल तिथेच ठेवून पांढरा दुसऱ्या टोकाला न्यायचा असेल तर असा पातळ स्पर्श.

दिशेचेही दोन ठोकताळे आहेत. पांढरा न फिरता घसरत लागला तर टक्कर झाल्यावर दोन्ही बॉल साधारण ९० अंशांच्या कोनात वेगळे होतात. पांढरा नीट गडगडत जाऊन पाव ते पाऊण या दरम्यान लागला तर तो आपल्या मूळ रेषेपासून सुमारे ३० अंश वळतो. एवढे दोन आकडे लक्षात ठेवले तरी पांढरा कुठे जाईल याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. कॅरममधल्या कटची सवय असलेल्याला हे चटकन पटतं.

कधी बचाव, कधी हल्ला?

हा निर्णय हिंमतीचा वाटतो, पण तो हिशोबाचा असतो. समजण्यासाठी काही आकडे कल्पनेने धरू.

समजा एक अवघड शॉट तुमच्या हातून १०० पैकी ४० वेळा जातो. गेला तर त्यातल्या १० पैकी ८ वेळा तुम्ही गेम जिंकता, म्हणजे ३२ विजय. उरलेल्या ६० वेळा बॉल चुकतो आणि टेबल उघडं राहतं. तेव्हा चारातून एकदाच जिंकता, म्हणजे १५ विजय. एकूण ४७.

आता त्याच जागी सेफ्टी खेळा. समजा ७० वेळा ती नीट बसते आणि त्यातल्या १० पैकी ६ वेळा तुम्ही जिंकता, म्हणजे ४२ विजय. ३० वेळा ती फसते, त्यातल्या १० पैकी ३ वेळा जिंकता, म्हणजे ९ विजय. एकूण ५१.

फरक फक्त चार गेमचा. पण बॉल 'मारून बघू' म्हणणारा खेळाडू हे चार गेम दर शंभरात सोडून देत असतो आणि त्याला ते कळतही नाही. याच हिशोबात तुमचा शॉट ४० ऐवजी ६० वेळा जात असेल तर हल्ल्याचे विजय ५८ होतात. मग सेफ्टी खेळणं चूक. या आकड्यांत सीमारेषा साधारण ४७ टक्क्यांवर येते. प्रत्येकाची सीमारेषा वेगळी असेल, आणि ती ठरवण्यासाठी आपला कोणता शॉट खरंच किती वेळा जातो हे प्रामाणिकपणे माहीत हवं.

समोरचा कोण आहे हेही त्यात येतं. नवखा असेल तर बॉल चुकला तरी तो टेबल साफ करणार नाही, मग जोखीम घेता येते. पट्टीचा असेल तर उघडं टेबल म्हणजे गेम गेला.

समोरच्याने अडकवलं तर?

सुटकेचा पहिला मार्ग 'किक शॉट': पांढरा आधी कुशनला मारून मग बॉलपर्यंत न्यायचा. कुशनला बॉल ज्या कोनात जातो, साधारण त्याच कोनात बाहेर पडतो. वेग आणि फिरकीमुळे थोडा फरक पडतो. कॅरमच्या रिबाऊंडची नजर इथे थेट कामाला येते. दुसरा मार्ग 'जंप शॉट', म्हणजे आड आलेल्या बॉलवरून पांढरा उडवणं. तो शिकायला वेळ लागतो आणि कापड फाटण्याच्या भीतीने बऱ्याच पार्लरमध्ये त्याला मनाई असते.

किक शॉट किती दूर जाऊ शकतो याचं गाजलेलं उदाहरण १९९५ चं आहे. अमेरिकेतल्या रीनो शहरात सँड्स रीजन्सी स्पर्धेच्या निर्णायक रॅकमध्ये अर्ल स्ट्रिकलंडने फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसला सेफ्टी लावून अडकवलं होतं. रेयेसने पांढरा दोन कुशनवरून फिरवला आणि बॉल नुसता गाठला नाही, तर पॉकेट केला.

पण अशी सुटका अपवाद. रोजच्या खेळात अडकल्यावर पहिलं ध्येय फाऊल टाळणं, दुसरं ध्येय सुटता सुटता उलट सेफ्टी लावणं. म्हणूनच सेफ्टीला सेफ्टीने उत्तर देत दोघे पाच-सहा शॉट खेळत राहतात. त्या लढाईत जो आधी कंटाळतो, तो बहुतेक वेळा हरतो.

या विद्येचं घर जवळच आहे

'स्नूकर' हा शब्दच भारतात खेळाला चिकटला. १८७५ मध्ये जबलपूरला ब्रिटिश लष्करी अधिकारी नेव्हिल चेंबरलेनने हा खेळ सुरू केला असं मानलं जातं. लष्करी अकादमीतल्या नवख्या मुलांना तेव्हा 'स्नूकर' म्हणत. आज त्याच शब्दाचा अर्थ अडकवणं असा झाला आहे.

स्नूकरमध्ये बचाव गुणांच्या हिशोबातही उतरतो. लाल बॉल संपल्यावर टेबलवर सहा रंगीत बॉलचे २७ गुण उरतात. कुणी ३० गुणांनी मागे असेल तर सगळे बॉल पॉकेट करूनही तो जिंकत नाही. मग तो समोरच्याला अडकवून फाऊल करायला लावतो, कारण प्रत्येक फाऊलचे त्याला ४ ते ७ गुण मिळतात. १९८५ च्या जागतिक अंतिम सामन्यात डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस १७-१७ बरोबरीत होते. शेवटची फ्रेम ६८ मिनिटं चालली. एकटा काळा बॉल उरल्यावरही दोघांनी सेफ्टी आणि चुकलेल्या शॉटची देवाणघेवाण केली आणि शेवटी टेलर जिंकला.

इंग्लिश बिलियर्ड्समध्ये तर बचावाचा खास डाव आहे, 'डबल बॉक'. टेबलच्या एका टोकाला रेघ मारलेला भाग म्हणजे बॉक. समोरच्याचा बॉल हातात असताना बाकीचे दोन्ही बॉल या भागात ठेवायचे. हातातून खेळताना त्या भागातल्या बॉलला थेट मारता येत नाही, त्यामुळे त्याला आधी पलीकडच्या कुशनपर्यंत जाऊन परत यावं लागतं.

या खेळात महाराष्ट्राचं नाव मोठं आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेले ते पहिले भारतीय. १९६४ मध्ये त्यांनी हे पद पुन्हा मिळवलं. मुंबईच्या मायकल फरेरा यांनी ते १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये जिंकलं. मुंबईचेच यासिन मर्चंट आशियाई स्नूकर विजेते झाले, आणि आदित्य मेहताने २०१३ मध्ये वर्ल्ड गेम्सचं स्नूकर सुवर्ण आणलं. पंकज अडवाणीची कारकीर्द बंगळुरूत घडली, पण जन्म पुण्याचा.

मग हा रडीचा डाव आहे का?

रडीचा डाव म्हणजे नियम वाकवून खेळणं. सेफ्टी नियमात बसते, तिला कौशल्य लागतं आणि समोरच्याला तिच्यातून सुटायची पूर्ण संधी असते. खटकण्यासारखं दुसरंच काही आहे: मुद्दाम वेळ काढणं, फाऊल झाल्यावर तो लपवणं, किंवा नियम आधी न सांगता मध्येच सांगणं. वेळ काढू नये म्हणून अनेक मोठ्या स्पर्धांत एका शॉटला ३० सेकंदांचं घड्याळ लावतात.

पार्लरमधली भांडणं बहुतेक नियम वेगवेगळे असल्यामुळे होतात. म्हणून ब्रेकआधी हे तीन प्रश्न विचारून घ्या:

• फाऊल झाला तर बॉल इन हँड कुठेही, की फक्त रेघेमागून? की दोन शॉट मिळतात?
• बॉल लागल्यावर कुशनला लागणं सक्तीचं आहे का?
• ओळीने तीन फाऊल झाले तर गेम जातो का?

ज्या टेबलवर फाऊलची शिक्षा हलकी असते, तिथे सेफ्टीची किंमतही कमी होते. तिथे थोडा जास्त हल्ला परवडतो.

किनाऱ्यावर खेळणाऱ्यांनी हवेकडेही लक्ष द्यावं. पावसाळ्यात कॅरमची पावडर जशी चिकट होते, तसंच दमट हवेत पूलचं कापड जड होतं आणि बॉल कमी धावतो. मार्चमध्ये बरोबर बसणारी सेफ्टी जुलैमध्ये हातभर आधीच थांबते. सुरुवातीला पांढरा दोन-तीनदा टेबलभर लांब मारून पाहिला की त्या दिवसाचा वेग कळतो.

घरचा अभ्यास: दहा मिनिटांचा सराव

टेबलच्या मध्यावर तीन बॉल एकमेकांना चिकटवून आडवे ठेवा, ही भिंत. भिंतीच्या एका बाजूला एक बॉल ठेवा आणि पांढरा कुठेही. आता त्या बॉलला नियमाप्रमाणे लावून पांढरा किंवा तो बॉल भिंतीच्या पलीकडे न्यायचा, असं की दोघांमध्ये सरळ रेषा उरणार नाही. दहा प्रयत्नांत किती जमले ते लिहून ठेवा. सुरुवातीला तीन जमले तरी ठीक. सहा-सात जमायला लागले की वर केलेल्या हिशोबात स्वतःचे आकडे घालून बघा.